कंदिलाची काच

(सायंकाळच्या साक्षरता वर्गाच्या समारोपाला केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस. मला चार शब्द बोलायला बोलावले आहे. मी काही मोठा वक्ता नाही. आयुष्यभर मुलांना बाराखडी शिकवली, तेवढेच मला येते. म्हणून उपदेश न करता माझीच एक गोष्ट सांगतो. ती शिबिराची आहे.

शिबिर म्हणजे काय? घर सोडून चार दिवस एकत्र राहायचे. आपले काम आपण करायचे. स्वयंपाक, झाडलोट, खेळ, गाणी सगळे मिळून करायचे. 1907 साली इंग्लंडमध्ये बेडन-पॉवेल नावाच्या सेनापतीने ब्राउनसी नावाच्या बेटावर सुमारे वीस मुले नेली. काही मुले बड्या घरची होती, काही कामकऱ्यांची. त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि सगळ्यांना सारखेच काम दिले. त्यातून पुढे बालवीर चळवळ निघाली. आपल्या देशात अशा निरनिराळ्या संघटना होत्या. 1950 सालच्या नोव्हेंबरात त्या एकत्र आल्या आणि भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. पुढे गावोगावच्या शाळांतून, संस्थांतून अशी शिबिरे भरू लागली.

अशाच एका शिबिराला 1969 च्या मे महिन्यात वडिलांनी मला पाठवले. मी अकरा वर्षांचा होतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. घर सोडून एक रात्र मी कुठे राहिलो नव्हतो. मी रडलो, कोठीघरात लपून बसलो. वडील म्हणाले, "पोरगं आईच्या पदराला चिकटलंय. जाऊ दे त्याला, धीट होईल."

दिवस कसाबसा जाई. पण संध्याकाळ झाली, की पोटात खड्डा पडे. आता आई दिवा लावत असेल, आता भाकरी थापत असेल, असे मनात येई. घास गिळवत नसे. रात्री लघवीला जायचे, तर बाहेर मिट्ट काळोख. नदीकडून कोल्हेकुई ऐकू येई. उठायचा धीर होईना. दुसऱ्या रात्री झोपेतच अंथरूण ओले झाले.

सकाळी तिथल्या एका शिक्षकांनी ते पाहिले. त्यांनी मला रांगेपुढे उभे केले. ओली वाकळ डोक्यावर धरायला लावली. साठ मुले हसली. ते हसू आज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे. त्याच दुपारी मी पळालो. वाटेत एका बैलगाडीवाल्याने मला गाडीत घेतले आणि घरी पोहोचवले. आईने जवळ घेतले. वडील एक शब्दही बोलले नाहीत. मी मनाशी शपथ घेतली, की पुन्हा शिबिराचे तोंड पाहायचे नाही.

पण माणूस शपथ घेतो एक आणि पोट मागते दुसरे. 1975 साली मी मॅट्रिकच्या परीक्षेला बसलो. निकालाला अवकाश होता. 1972 च्या दुष्काळात काढलेले कर्ज अजून फिटले नव्हते. तेव्हा आमच्या मास्तरांनी निरोप धाडला, "वाईजवळ कृष्णाकाठी मुलांचे उन्हाळी शिबिर आहे. मदतनीस हवा. दिवसाला तीन रुपये आणि दोन वेळचे जेवण. पंधरा दिवसांचे काम."

मी म्हणालो, "मी नाही जाणार." आई म्हणाली, "पंचेचाळीस रुपये आहेत, बाळा." एवढेच म्हणाली. मी वळकटी बांधली.

माझ्याकडे कोठीचे सामान, तंबूचे दोर आणि कंदील एवढी कामे होती. शिबिराचे प्रमुख वयस्कर होते, फार कमी बोलत. पहिल्याच संध्याकाळी मी तंबूचे दोर चांगले ताणून बांधले. ते म्हणाले, "रात्री दोर जरा सैल सोड. वळवाचा पाऊस आला, की अंबाडीचा दोर भिजून आकसतो. मग एक तर खुंटी उपटते, नाही तर कापड फाटते." मी सैल केले. तेव्हा मला ती फक्त दोराचीच गोष्ट वाटली.

तिसऱ्या दिवशी माझे लक्ष एका मुलाकडे गेले. नऊ-दहा वर्षांचा असेल. अंथरुणाची वळकटी करून दिवसभर तिच्याजवळ बसे. जणू आत्ता कोणी न्यायला येणार आहे. संध्याकाळी ताट पुढे आले, की मान खाली घाली. बाकीचे त्याला 'रडूबाई' म्हणू लागले होते. मला तो पाहवेना. खरे सांगतो, मी त्याला टाळू लागलो. त्याच्याकडे पाहिले, की मला मीच दिसे.

त्याच रात्री मी कंदील घेऊन फेरी मारायला निघालो, तर तो तंबूबाहेर कुडकुडत बसलेला. अंथरूण ओले झाले होते. मला पाहून त्याने हात जोडले. म्हणाला, "दादा, कुणाला सांगू नका."

माझे पाय जागीच थांबले. मग मी पाण्याची कळशी उचलली आणि त्याच्या अंथरुणावर पालथी केली. माझे कांबळे त्याला दिले. सकाळी मुलांनी विचारले, तेव्हा म्हणालो, "काल काळोखात माझ्या हातून कळशी सांडली." मुले हसली, पण ती मला हसली. त्या हसण्याचे मला काही वाटले नाही.

प्रमुखांनी माझ्याकडे रोखून पाहिले. म्हणाले, "कळशी जपून ठेवत जा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि आजपासून तंबूपासून संडासाच्या चरापर्यंत रात्रभर दोन कंदील लाव." त्यांना सारे कळले होते. त्यांनी मला उघडे पाडले नाही, आणि मुलालाही नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली, की मी त्या मुलाला हाक मारी. आम्ही दोघे कंदील घेऊन बसायचो. काच कोरड्या राखेने पुसायची. वात सरळ कापायची. वाकडी कापली, की काजळी धरते. मग रॉकेल भरायचे. बारा कंदील लावेपर्यंत जेवणाची घंटा होई. घरच्या आठवणीची ती वेळ अशी हाताला काम लागून निघून जाई. मध्यरात्रीच्या आधी मी त्याला हळूच उठवी आणि बाहेर नेऊन आणी.

तो एकदम धीट झाला असे नाही. एकदा तो पुन्हा रडला. एकदा अंथरूण पुन्हा ओले झाले. शेवटच्या दिवशी बाप दिसताच तो धावत सुटला. मी म्हटले, गेला. पण अर्ध्या वाटेवरून परत आला आणि मला विचारले, "दादा, आज काचा कोण पुसणार?"

पंचेचाळीस रुपये मी आईच्या हातावर ठेवले. पण मी आणखीही काही घेऊन आलो होतो. आपण शिक्षक व्हायचे, हे त्या पंधरा दिवसांत माझ्या मनाने ठरवले.

आई-बापांनो, मुलांना शिबिराला जरूर पाठवा. पण भित्र्या मुलाची चेष्टा करू नका. अंथरूण ओले करणारे मूल खोडकर नसते. ते मुद्दाम करत नाही. त्याला मारून ते थांबत नाही. बरेच दिवस चालले, तर डॉक्टरांना दाखवा. दोर जरा सैल सोडा, म्हणजे खुंटी उपटणार नाही.

आता तुमच्याविषयी. या वर्गात पहिल्या दिवशी किती जणांनी पाटी पदराआड धरली होती, ते मी पाहिले आहे. एक आजोबा तर तीन दिवस दाराबाहेरच उभे होते. तुम्हाला अक्षरांची भीती नव्हती. लोक हसतील याची भीती होती. ती भीती तुम्ही ओलांडून आलात. आज सही करता, एस.टी.ची पाटी वाचता.

पण तुमच्या आळीत, तुमच्या शेजारी, अजून कोणी तरी दाराबाहेर उभे आहे. त्यांना आणायला मी गेलो, तर ते लाजतील. मी पडलो हेडमास्तर. तुम्ही गेलात, तर येतील. कारण बाहेर उभे राहणे कसे असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्याला काळोखाची भीती वाटली आहे, त्यालाच कंदील कुठे ठेवायचा ते नेमके कळते.

पुढचा वर्ग सुरू होईल, तेव्हा प्रत्येकाने एकाला हाताला धरून आणा. ते चुकले, तर हसू नका. कोणी हसलेच, तर कळशी आपल्या हातून सांडली म्हणा.