ताळेबंद वाचायला शिकताना

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आज शेअरबाजारावर बोलणार म्हटल्यावर आपल्या एका वडीलधाऱ्यांनी मला विचारले, "विहारात जुगारावर व्याख्यान?" प्रश्न रास्त आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी जुगाराला संपत्तीच्या नाशाचे एक द्वार म्हटले आहे. पण त्याच सुत्तात मिळकतीचे चार भागही सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. म्हणजे पैसा कामाला लावणे वर्ज्य नाही. तो धंद्यात जातो की डावावर, एवढे पाहायचे.

हा फरक मला एम.बी.ए. करताना कळला. मुंबईच्या एका गुंतवणूक संस्थेत दोन महिने उमेदवारी होती. पहिल्याच आठवड्यात माझे आडनाव दोनदा विचारले गेले. ते असो. साहेबांनी माझ्यापुढे वार्षिक अहवालांचा गठ्ठा ठेवला आणि सांगितले, "भाव बघू नका. आधी धंदा काय आहे ते सांगा."

एका कंपनीचा नफा दरवर्षी वाढत होता. साहेबांनी रोकड प्रवाहाचे पान उघडायला लावले. नफा होता, रोकड येत नव्हती. सोलापूरच्या यंत्रमागवाल्याच्या पोराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. दहा लाखांचे टॉवेल गेले, वहीत नफा लिहिला, पण व्यापारी सहा महिने पैसे देत नाही. तोवर सूतवाल्याचे बिल आणि कामगारांचा पगार कर्ज काढून भागवायचा. कंपनीच्या ताळेबंदात हीच गोष्ट 'येणे बाकी' या एका ओळीत दडून बसते. ती ओळ दरवर्षी विक्रीपेक्षा वेगाने फुगत असेल तर सावध व्हावे.

या पद्धतीचा पाया बेंजामिन ग्रॅहम यांनी घातला. डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ 1934 साली निघाला. सार सोपे आहे. शेअर म्हणजे धंद्यातला वाटा. त्या वाट्याची किंमत आपण हिशेबाने शंभर रुपये काढली, तर साठ-पासष्टला मिळेपर्यंत थांबायचे. मधले अंतर आपल्या हिशेबातील चुकांसाठी.

आपल्या गावचेच उदाहरण घ्या. प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने 2016 साली 186 रुपयांनी शेअर विकले. 2020 च्या करोनाकाळात तोच शेअर पन्नासच्या खाली होता. पुढे काही वर्षांनी भाव पुन्हा चढला. कारखाना मात्र सोलापुरातच होता, कॅमशाफ्टच बनवत होता. हा शेअर घ्या किंवा घेऊ नका, असे मी सांगत नाही. भाव आणि मोल या दोन गोष्टी आहेत, एवढेच दाखवतो.

आता जे सांगायला मी मुख्यतः उभा आहे, ते. ग्रॅहम 1914 साली कोलंबिया विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्याआधीच्या वर्षी, 1913 मध्ये, त्याच विद्यापीठात बाबासाहेब दाखल झाले होते. बाबासाहेब 1917 साली परतले. बडोद्याची नोकरी अपमानामुळे सोडावी लागली. तेव्हा मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली. ग्राहक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच येईनासे झाले. पेढी बंद पडली. 1918 च्या नोव्हेंबरात ते सिडनॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. चलनाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. हिशेब त्यांचा चुकला नव्हता. घटनाकार बाबासाहेबांची जयंती आपण दणक्यात करतो, या पेढीबद्दल मात्र आपल्या पोरांना फारसे कोणी सांगत नाही.

माझे आडनाव विचारणाऱ्या गृहस्थांनी सातव्या आठवड्यात माझी टिपणे मागून घेतली. त्यांना कंपनीच्या कर्जाची माहिती हवी होती. आकड्यांपुढे आडनाव फार वेळ टिकत नाही, असा माझा अनुभव. सगळ्यांचा तसाच असेल असे नाही.

एक शंका नेहमी येते, ती आधीच घेतो. दारूच्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का? उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार करू नये, असे भगवंतांचे वचन आहे. वाटेकरी हाही व्यापारीच, म्हणून मी घेत नाही. मोबाईलवर येणाऱ्या टिपाही मी वाचत नाही. कर्जाच्या पैशाने तर शेअर घेऊच नयेत. पडत्या भावात थांबायची मुभा सावकार देत नाही.

मी सहा कंपन्यांचे अहवाल वाचनालयात ठेवले आहेत. रविवारी वंदनेनंतर दोन तास बसू. येताना वही आणि पेन्सिल आणावी. कॉमर्सचे असण्याची अट नाही. जयभीम.