पंच नसलेला खेळ



क्रिकेटमधील फलंदाज पंचाचे बोट वर जाईपर्यंत जागचा हलत नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी नावे ठेवीत नाही. गोल्फमध्ये बहुधा असा पंचच नसतो. मोठ्या स्पर्धांत नियमांचे जाणकार मैदानावर फिरत असतात हे खरे. परंतु चेंडू उंच गवतात शिरला, की त्याच्यापाशी खेळाडू एकटाच उभा असतो. दंड लागला की नाही, हे त्यानेच सांगावयाचे असते.

१७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे या खेळाचे नियम प्रथम लिहिले गेले, तेव्हा ते अवघे १३ होते. पुढे ते पुष्कळ वाढले. तरीही मूळ सूत्र एकच राहिले : चेंडू जेथे पडला तेथून, जसा पडला तसाच खेळावा. बाकीचे बहुतेक नियम हे या सूत्राला नाइलाजाने दिलेले अपवाद होत.

समजा, पहिलाच फटका झाडीत गेला. चेंडू सापडेल की नाही याची शंका असेल, तर खेळाडूने पुढे जाण्यापूर्वी ‘हा तात्पुरता चेंडू’ असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारून ठेवावा. तसे न सांगता मारल्यास तोच खरा चेंडू ठरतो आणि पहिला सापडूनही निरुपयोगी होतो. शोधाला तीन मिनिटे मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळत. चेंडू हरवला किंवा पांढऱ्या खुंटांच्या सीमेबाहेर गेला, तर एक फटका दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून खेळ. म्हणजे तो तिसरा फटका.

पावसाचे पाणी साचले असेल अथवा वाटेवर फरशी असेल, तर दंडावाचून सुटका मिळते. जेथे अडथळा संपतो ते सर्वांत जवळचे ठिकाण शोधून, त्यापासून एका दांड्याच्या लांबीच्या आत, खळग्याच्या अधिक जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू खाली सोडावयाचा. झाडाच्या मुळाशी अडकलेल्या चेंडूला मात्र ही सवलत नाही. तो खेळण्याजोगा नाही, असा निर्णय खेळाडू स्वतःच देऊ शकतो. त्याची किंमत एक फटका. वाळूच्या खड्ड्यात चेंडूच्या लगत मागेपुढे दांडा टेकता येत नाही. २०१० च्या पी.जी.ए. अजिंक्यपद स्पर्धेत डस्टिन जॉन्सनने अखेरच्या खळग्यावर दांडा टेकला. प्रेक्षकांनी तुडविलेली ती जागा वाळूचा खड्डा आहे हे त्याच्या ध्यानीच आले नाही. दोन फटक्यांचा दंड झाला आणि निर्णायक फेरीतील त्याची जागा गेली.

आता बॉबी जोन्सची हकीकत. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, गवतात दांडा ठेवताना चेंडू किंचित हलल्याचे त्याला दिसले. दुसऱ्या कोणालाही दिसले नव्हते. त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला. चार फेऱ्यांअंती विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि निर्णायक लढतीत जोन्स हरला. तो एक फटका नसता, तर ती लढतच झाली नसती. हिरवळीवर चेंडू चुकून हलल्यास आज दंड होत नाही. गवतात तो खेळाडूमुळे हलला, तर बहुधा अजूनही होतो.

परंतु मला अधिक अस्वस्थ करते ती रोबेर्तो दे विसेन्झोची गोष्ट. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अखेरच्या दिवशी या अर्जेंटिनाच्या खेळाडूने सतरावा खळगा तीन फटक्यांत पुरा केला. सोबतच्या खेळाडूने गुणपत्रिकेवर चार लिहिले आणि दे विसेन्झोने न पाहता सही केली. ६५ चे ६६ झाले. तीन फटके हजारोंनी पाहिले होते, पण सही चारवर होती. बॉब गोल्बीशी व्हावयाची बरोबरी एका फटक्याच्या पराभवात बदलली. त्याने दोष सोबत्याला दिला नाही, स्वतःकडेच घेतला. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

उत्तरपत्रिकेतील गुण चुकीने लिहिले गेले, तर आम्ही शिक्षक ते निमूटपणे दुरुस्त करतो. म्हणून हा नियम मला आजवर पटलेला नाही. तो तसाच चालू आहे. एखाद्या खळग्यावर प्रत्यक्षापेक्षा अधिक फटके लिहून सही केली, तर तेवढेच धरले जातात. कमी लिहिले, तर खेळाडू सहसा स्पर्धेतूनच बाद होतो. बेरजेची जबाबदारी मात्र त्याच्यावर नसते. ती समितीने करावयाची.