लाट मागाहून येते



भाऊचा धक्का ते मांडवा या जलमार्गावर २०२० मध्ये रो-रो जहाज सुरू झाले. त्याच पाण्यातून लहान यांत्रिक होड्याही ये-जा करतात. मोठे जहाज पुढे निघून गेले म्हणजे होडीतील उतारू निर्धास्त होतात. परंतु त्याने उठविलेली लाट मागाहून येते. ती कुशीवर आदळल्यास होडी कलंडण्याचा संभव असतो. म्हणून लाट पोहोचण्यापूर्वीच वेग कमी करावा. यंत्र मात्र बंद करू नये. ते थांबले की होडी वळविता येत नाही. होडीची नाळ लाटेकडे सुमारे ४५ अंशांत तिरपी धरावी. उतारूंनी उभे न राहता मध्यभागी बसून राहावे. जीवरक्षक जॅकेट धक्क्यावरच चढवावे. लाट दिसल्यावर तेवढा अवधी उरत नाही. किनाऱ्यावरील सरपंचांनी व शिक्षकांनी हे प्रत्येक घरी पोहोचवावे, ही विनंती.