जमाखर्चाची विद्या



दौंडाकडून सोलापुरास जाणाऱ्या गाडीनें जेऊर सोडलें कीं थोड्याच वेळांत आमचें केम येतें. करमाळा तालुक्यांतील हें गांव श्रीउत्तरेश्वराचें, आणि बाहेर त्याची ओळख कुंकवाची. शिक्षकी करतांना माझ्या हातून एक चूक वर्षानुवर्षें घडली. गणितांत हुषार असलेल्या मुलाला मी शास्त्रशाखेकडे धाडीं, आणि जो मागें पडे त्याला म्हणें, "तूं आपला कॉमर्सला जा, बाबा." जमाखर्च ही मंदबुद्धीची सोय, अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका कुंकवाच्या व्यापाऱ्याच्या मुलीनें घालविली. ती तेव्हां अकरावींत वाणिज्य शिकत होती. तिच्या वडिलांचें गाऱ्हाणें नेहमींचेंच: "मास्तर, माल तर खपतो, मग दिवाळीला हातांत कांहीं कां राहत नाहीं?" ते रोजकीर्द ठेवीत, पण तींत फक्त रोकड आली किती आणि गेली किती एवढेंच. उधारीच्या चिठ्ठ्या तारेला अडकविलेल्या! मुलीनें त्या सोडवून प्रत्येक गिऱ्हाइकाचें खातें घातलें, खतावणी केली, तेरीज जुळविली. तेव्हां दिसलें कीं नफा खरा होता, परंतु तो परगांवच्या दुकानदारांकडे येणें म्हणून पडून होता. आणि इकडे कच्च्या मालासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज दर महिन्याला चालू होतें. नफा आणि रोकड हीं दोन निराळीं आहेत हें मला त्या दिवशीं, साठीच्या घरांत, कळलें.

आणि हें शास्त्र गणिताच्याच पोटचें. दुहेरी नोंदीची पद्धति इ. स. १४९४ मध्यें व्हेनिस येथें लूका पाचोली याच्या ज्या ग्रंथांत छापली गेली, तो ग्रंथ गणिताचा होता. आमच्याकडे मुंबईस सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें, पुण्यास बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ सालीं. आणि १ जुलै १९४९ पासून चार्टर्ड अकौंटंटांची संस्था कायद्यानें उभी राहिली.

पुढें त्या मुलीनें चार्टर्ड अकौंटंट व्हावयाचें ठरविलें, आणि वडील माझ्याकडे आले. "वर्षें किती जातील? आणि नापास झाली तर?" हा प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं निघत असेल. मीं कांहीं लपविलें नाहीं. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएटचे दोन गट, ते दोन्ही सुटले कीं एखाद्या अकौंटंटाच्या हाताखालीं दोन वर्षें उमेदवारी, शेवटीं फायनल. प्रत्येक विषयांत शेंकडा ४० आणि एकंदरींत शेंकडा ५० गुण हवेत. एका विषयांत घसरलें कीं बाकीच्यांतले चांगले गुणही बहुधा हात देत नाहींत. वाट लांब आहे, आणि तिच्यावर पुष्कळ जण थकतात.

परंतु तीच एक वाट नव्हे. कारखान्यांत वस्तूचा उत्पादनखर्च काढणाऱ्या कॉस्ट अकौंटंटांचा कायदा १९५९ सालचा. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीकरितां राज्य सरकारची सहकार व लेखा पदविका पदवीधरांस घेतां येते. गांवोगांव पतसंस्था असलेल्या आमच्या जिल्ह्यांत तिला मोल आहे. २०१७ सालीं वस्तु व सेवाकर आल्यापासून तर लहान दुकानदारालाही जाणत्या हिशेबनिसाची गरज पडूं लागली. संगणक बेरीज करतो हें खरें. पण कोणती रक्कम कोणत्या खातीं नांवें टाकावयाची हें सांगणारा माणूसच लागतो. ज्याला तें कळत नाहीं त्याची चूक संगणकही बिनचूक बेरजेनें पुढें नेतो.

वडिलांना मी म्हणालों, फाउंडेशनबरोबर बी. कॉम.लाही नांव घालूं द्या, म्हणजे मधले दिवस वायां जाणार नाहींत. त्यांनीं तसें केलें. पहिल्या खेपेस तिला एका विषयांत ३७ गुण पडले. निकालाच्या दिवशीं ते माझ्याकडे सल्ल्यास आले नाहींत. त्यांनीं पुढच्या परीक्षेची फी भरली. आणि दुकानाची खतावणी, मुलीला अभ्यासास वेळ मिळावा म्हणून, आतां ते स्वतः लिहितात.