राखाडीच्या पायऱ्या

बीड शहरातील कंकालेश्वर मंदिराचे कृष्णधवल छायाचित्र संगणकावर पाहिले, तर पाण्याने वेढलेल्या त्या काळ्या पाषाणातील प्रत्येक घडण केवळ राखाडी छटांतून साकारलेली असते. सर्वसाधारण पडदा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अशा 256 पायऱ्या दाखवतो, म्हणजे 8 बिटांत, शून्य किंवा एक लिहिण्याच्या आठ जागांत, मावतील तितक्याच. दोन छटा एकमेकींना लागून ठेवल्या, तर तेजात 1 ते 2 टक्के फरक असला तरी पुरेशा उजेडात डोळ्याला मधली कड जाणवते. त्याच छटा दूर ठेवल्या की बहुधा एकच वाटतात, कारण डोळा तेज मोजत नाही, शेजारच्याशी ताडून पाहतो.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्यांनाही पडद्याची आणि डोळ्याची ही मर्यादा ओळखावी लागते. सीटी स्कॅनच्या मोजपट्टीवर हवा उणे 1000, पाणी शून्य आणि घट्ट हाड 1000च्याही पुढे असते. ही सगळी मापे एकदम पडद्यावर कोंबली, तर यकृतातील बारीक फरक बुजून जातो. म्हणून हव्या त्या मापांचाच तुकडा निवडून तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणतात, आणि या निवडीला ‘विंडो’ म्हणतात. स्कॅन वाचण्याची खोली अंधुक ठेवतात तीही उगाच नव्हे: बाहेरचा उजेड काचेवरून परावर्तित होऊन प्रत्येक छटेत मिसळतो आणि सर्वांत आधी गडद पायऱ्या गिळतो. चैत्रातल्या भर उन्हात मोबाइलवर मंदिराचा गाभारा नुसता काळा ठिपका दिसतो, तो त्यामुळेच.