जुन्या गाडीचे सुकाणू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले. ही त्यांची चूक की औदार्य, हे आपण शेवटी ठरवावे. आम्ही आज मोटारीच्या चाकाविषयी बोलणार आहोत, आणि तेही हातात धरायच्या चाकाविषयी. कोशकार त्यास 'सुकाणू-चक्र' म्हणतात, आपण सारे 'स्टिअरिंग' म्हणतो. आम्हीही बहुमताबरोबर जाऊ.

आमच्या वडिलांनी १९७५ साली पुण्यात प्रीमियर पद्मिनी घेतली. नाव पद्मिनी असले तरी घरीदारी तिला 'फियाट'च म्हणत. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. वडिलांच्या पश्चात आम्ही ती इकडे कोलकात्यास आणली. अँबॅसिडर जिथे जन्मली ते उत्तरपाडा येथून फार दूर नाही. त्यामुळे आमची फियाट या शहरात परप्रांतातून आलेल्या सुनेसारखी थोडी बुजूनच नांदली. येथे आल्यावर तिला नव्या राज्याचा क्रमांक मिळाला. टायर, बॅटरी, बैठकींचे कापड हे सारे कालांतराने बदलले. वडिलांच्या हाताचे राहिले ते एक स्टिअरिंग. त्यांचे तळवे जेथे टेकत, तेथे ते काळे चाक आरशासारखे गुळगुळीत झाले होते.

त्या चाकावर भेगा पडू लागल्या, तेव्हा आम्ही त्यांच्याकडे वार्धक्याच्या सुरकुत्या म्हणून पाहिले. पुढे आमची कन्या गाडी शिकू लागली. एके सकाळी गल्लीच्या वळणावर तिने गाडी थांबवली आणि म्हणाली, "बाबा, हे चाक हातात हलतंय." आम्ही उत्तरलो, "हलत नाही, जुनं आहे." तिने तसेच पुन्हा वळवले, तो 'कट्' असा आवाज झाला. आमचे ते उत्तर आठवले की आजही संकोच वाटतो. गाडीचा वेग नगण्य होता, म्हणून केवळ आवाजावर निभावले.

त्या दिवशी आम्ही चाक प्रथमच नीट न्याहाळले. त्या काळातील अशा चाकात आत पोलादी सांगाडा असे आणि त्यावर कठीण प्लॅस्टिकचे आवरण चढवलेले असे. उन्हाने दोन्ही पदार्थ कमीअधिक प्रमाणात प्रसरण पावतात, कालौघात आवरण ताठर होते आणि तडकते. ही झाली कातडीची भेग. तिला उपचार आहे: भेग कानशीने थोडी रुंद करावी, इपॉक्सी भरावे, वाळल्यावर घासून रंग द्यावा. परंतु भेगेतून पाणी व घाम आत मुरला, सांगाडा गंजला किंवा आऱ्याचा सांधा सुटला, तर ती हाडाची भेग. तिच्यावर इपॉक्सी भरणे वा कापड गुंडाळणे म्हणजे मोडक्या हाडावर पावडर लावण्यासारखे आहे. आमच्या चाकाचा एक आरा सांध्यापाशी तुटलेला होता. चाक बदलणे भाग होते.

आता निवडीचा प्रश्न आला. एका स्नेह्याने अँबॅसिडरचे चाक सुचवले, कारण ते येथे सहज मिळते. परंतु स्टिअरिंग बसते ते दांड्याच्या टोकावरील बारीक दात्यांवर. दात्यांची संख्या, दांड्याची जाडी, त्याचा निमुळतेपणा आणि नटाचे आटे, यांपैकी एक जरी जुळले नाही तरी चाक परके. ते कानशीने घासून बसवण्याचा मोह कुणीही धरू नये.

दुसऱ्याने लहान, जाड कडेचे शर्यतीच्या थाटाचे चाक दाखवले. ते दिसायला देखणे खरेच. पण आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. जुन्या गाड्यांची चाके मोठी असत, ती तरफेचा लाभ मिळावा म्हणून. समजा, १६ इंच व्यासाच्या चाकाऐवजी १४ इंची बसवले, तर तेच वळण घेण्यास हातांना सुमारे १४ टक्के अधिक जोर लावावा लागतो. गाडी उभी करताना मनगटे याची साक्ष देतात. शिवाय असे चाक जोडतुकड्यावर बसवतात. त्यामुळे ते चालकाकडे सरकते, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरच असलेला आमचा गिअरचा दांडा बोटांपासून दूर जातो. चाकाच्या वरच्या कमानीतून वेगाचा काटा दिसेनासा होण्याचीही भीती असते.

राहिला तिसरा मार्ग: त्याच जातीचे, सुस्थितीतील जुने चाक. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, आणि मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. म्हणून धाकट्या बंधूंनी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात दोन रविवार खर्ची घातले. आम्ही त्यांना तीन कसोट्या कळवल्या होत्या: चाक दोन्ही हातांनी पिळून पाहावे, आऱ्यांचे सांधे नखाने तपासावेत आणि मधल्या भोकातील दाते झिजलेले नसावेत. ते चाक गीतांजली एक्सप्रेसने, बंधूंच्या मांडीवर बसून, हावड्यास उतरले. ज्या कुर्ल्यात आमची गाडी घडली, तेथूनच तिला नवे सुकाणू आले.

बसवण्याचे काम कन्येने व आम्ही मिळून केले. प्रथम बॅटरीची अर्थची तार सोडली, पुढची चाके सरळ केली, हॉर्नचे झाकण उचलले. नट सैल केला. तो काही आटे तसाच ठेवून मग चाक ओढावे, असा नियम आहे. आम्ही तो पूर्ण काढला, चाक एकाएकी सुटले आणि आमचा वरचा ओठ दोन दिवस सुजलेला राहिला. चाक घट्ट बसले असेल तर पुलर लावावा. दांड्यावर हातोडी मारल्यास तो आघात खाली स्टिअरिंग बॉक्समधील बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. जुने चाक काढण्यापूर्वी दांड्यावर व चाकावर समोरासमोर खूण करावी, हेही आम्ही विसरलो. परिणामी पहिल्या फेरीस गाडी सरळ आणि आरे तिरपे! दाते ३६ असतील तर एक दाता चुकल्यास चाक १० अंश कलते. अशा वेळी खालचे सांधे फिरवून आरे सरळ करू नयेत. चाक पुन्हा काढून योग्य दात्यावर बसवावे. शेवटी नट ठरलेल्या ताकदीने आवळला, चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून हॉर्न आपोआप वाजत नाही ना हे पाहिले, आणि मगच रस्ता धरला.

वडिलांचे चाक टाकून देण्यास आमचे मन धजेना. ते आता आमच्या खोलीत भिंतीवर आहे. गुळगुळीत झालेल्या त्या दोन जागांवर कधीमधी हात ठेवावासा वाटतो, आम्ही ठेवतो. पण गाडी वळवण्याचा भार त्यावर नाही. आठवणीला जपावे, तिच्यावर मुलांचे जीव टांगू नयेत, एवढे आम्ही त्या 'कट्' आवाजाकडून शिकलो.

मित्रहो, आपल्या मंडळालाही ५० वर्षे झाली. दरवर्षी वार्षिक सभेत जुने काय राखावे आणि काय बदलावे यावर आपण हिरिरीने भांडतो, भांडावेच. फक्त प्रत्येक वेळी भेग कातडीची आहे की हाडाची, हे आधी पाहावे. आणि एखादा तरुण सभासद "हे हलतंय" असे म्हणाला, तर "जुनं आहे" असे उत्तर आपण त्याला देऊ नये.

सध्या गाडी कन्या चालवते. आम्ही शेजारी बसतो आणि न मागितलेला सल्ला देतो. नवे चाक अद्याप खरबरीत आहे. तिच्या हातांनी ते यथावकाश गुळगुळीत होईल.