गार गादी आणि शेगडी



बारामती तालुक्यात, पणदऱ्याच्या आसपास, बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची चाल अजून पुरती गेलेली नाही. ओवा-शेपेची धुरी, डोक्याला टोपडं, अंगावर तीन-तीन दुपटी. बाळाला वारा लागता कामा नये, हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा पहिला कायदा. या भागात मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. एकदा एका आजीबाईंनी मला विचारलं, ‘बाई, न रडलेल्या लेकराला मोठ्या दवाखान्यात गार गादीवर ठेवत्यात म्हणं. नातवानं मोबाईलवर बघितलं. मग आमी वल्या फडक्यात गुंडाळून न्हेलं तर चालंल का?’

त्यांची सून दोन तासांपूर्वी बाळंत झाली होती. बाळ जन्मल्यावर रडलं नव्हतं, बऱ्याच खटपटीनंतर श्वास घ्यायला लागलं होतं, पण अंग ढिलं होतं आणि डोळे एकटक. गाडी दारात उभी होती. मी म्हटलं, ‘आजी, ओलं फडकं अजिबात नको.’ त्या वेळी एवढंच सांगितलं. पुढचं सगळं आज सांगते, कारण हा प्रश्न फक्त त्या आजींचा नाही.

बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, की पेशींची ऊर्जा संपते. श्वास सुरू झाला की मेंदू थोडा सावरतो. काही तास बरे जातात. घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण सहा तासांच्या आगेमागे दुसरी लाट येते. पेशींना सूज येते, त्या एकामागून एक मरू लागतात आणि बाळाला झटके सुरू होतात. या मधल्या वेळात मेंदूचं काम मंद केलं, तर दुसरी लाट सौम्य होईल, ही या उपचारामागची कल्पना. त्यासाठी पूर्ण दिवसांच्या किंवा जवळपास पूर्ण दिवसांच्या बाळाचं तापमान जन्मानंतर सहा तासांच्या आत ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणतात, ७२ तास तिथंच धरून ठेवतात आणि मग अगदी हळूहळू, तासाला जास्तीत जास्त अर्धा अंश, वर नेतात. नुसतं गार करणं सोपं आहे. ३३.५ वर धरून ठेवणं अवघड. बाळ ३२ च्या खाली गेलं, तर हृदयाचे ठोके आणि रक्त गोठण्याची क्रिया दोन्ही बिघडू लागतात.

ही कल्पना नवी नाही. १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये न रडणारी बाळं गार पाण्यात ठेवून पाहिली होती. पुढे कमी दिवसांची बाळं उबेत ठेवली तर जास्त जगतात हे सिद्ध झालं आणि गारव्याचा विचार मागे पडला. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी मेंढीच्या गर्भावर प्रयोग करून तो पुन्हा पुढे आणला. २००५ मध्ये अमेरिकेत डॉ. सीता शंकरन यांच्या नेतृत्वाखाली झालेली २०८ बाळांची चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ६२ टक्के बाळं एकतर दगावली किंवा त्यांना मध्यम वा गंभीर अपंगत्व आलं. गार केलेल्यांत हेच प्रमाण ४४ टक्के होतं. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका चाचणीतली मुलं सहा-सात वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. जगून बुद्ध्यंक ८५ किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांचं प्रमाण गार केलेल्यांत ५२ टक्के भरलं, दुसऱ्या गटात ३९. ज्या दुखण्यावर आम्हा डॉक्टरांच्या हातात तोवर काहीच नव्हतं, त्यावर एवढा फरक! मीही भारावून गेले होते.

परदेशी यंत्रं महाग. आपल्याकडे बर्फाच्या जेलच्या पिशव्या वापरून पाहिल्या गेल्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाची गादी वापरून स्वस्तातली सोय उभी केली. गार गादी हा शब्द आजींपर्यंत पोचला तो बहुधा इथूनच.

२०१६ च्या गळीत हंगामातली गोष्ट. बीडकडून आलेली एक ऊसतोड मजूर बाई. कोपीतच कळा सुरू झाल्या, रात्रभर तिथंच काढली, पहाटे जवळच्या एका दवाखान्यात नेली. तिथं कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं, पण बाळाचे ठोके किती वेळा ऐकले त्याची नोंद कुठंच नव्हती. माझ्याकडे बाळ आलं तेव्हा साडेतीन तासांचं होतं. पुणं शंभर किलोमीटर. बाप फडावरून तसाच आला होता, अंगावर उसाचं पाचट. मी त्याला सांगितलं, ‘दादा, सहा तासांच्या आत पोचलं तर उपाय आहे.’ त्यानं मुकादमाकडून उचल घेतली, गाडी केली. पोचले. बाळाला गार केलं. बाळ वाचलं, दोन वर्षांचं होऊन चालायला लागलं. ते गारव्यामुळं वाचलं, की तसंही वाचलं असतं? एका बाळावरून हे कुणालाच सांगता येत नाही. पण त्या एका बाळाच्या भरवशावर मी पुढे आणखी आई-बापांना कर्ज काढायला लावलं, हे मात्र खरं.

त्याच काळात याच प्रश्नाचं उत्तर शोधणारी मोठी चाचणी सुरू होती. हेलिक्स तिचं नाव. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजचे डॉ. सुधीन तय्यिल तिचे प्रमुख. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात मोठी रुग्णालयं तीत होती आणि आपल्या मुंबईचं शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक. ऑगस्ट २०१५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात ४०८ बाळं घेतली गेली. कुठलं बाळ गार करायचं आणि कुठलं नाही, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. तापमान आपोआप सांभाळणारं चांगलं यंत्र वापरलं.

२०२१ मध्ये निकाल आला. मृत्यू किंवा गंभीर-मध्यम अपंगत्व गार केलेल्यांत ५० टक्के, न केलेल्यांत ४७. म्हणजे फायदा काही नाही. आणि नुसते मृत्यू मोजले, तर गार केलेल्यांत ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१. तो आकडा मी दोनदा वाचला. मग जुन्या वह्या काढल्या आणि पाठवलेल्या बाळांची नावं पाहत बसले.

एकच उपचार तिकडे तारतो आणि इकडे मारतो, असं का? यावर अजून वाद आहे. एक उत्तर मला पटतं. या चाचणीतल्या बाळांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये इजेची ठेवण वेगळी दिसली. शेवटच्या क्षणी अचानक गुदमरल्यावर मेंदूच्या खोल भागाला मार बसतो. इथं मेंदूतल्या पांढऱ्या भागाला जास्त इजा होती. प्राणवायूचा तुटवडा बराच आधीपासून, थोडा थोडा चालू होता, असा त्याचा अर्थ लावला जातो. आईची अशक्तता, लांबलेल्या कळा, पोटातली वाढ खुंटलेली. अशा बाळाच्या बाबतीत सहा तासांचं घड्याळ जन्माच्या आधीच सुरू झालेलं असतं. कोपीतली ती रात्र आठवली की मला हे कळतं. चाचणी करणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं, की आपल्यासारख्या देशांत, मोठ्या रुग्णालयातही, हा उपचार करण्याला या निकालाचा आधार नाही. देशातल्या काही मोठ्या केंद्रांतले डॉक्टर हे सरसकट मान्य करत नाहीत. बाळ तिथंच जन्मलेलं असेल, निवड नीट केली असेल आणि अतिदक्षतेची पूर्ण तयारी असेल तर फायदा होतो, असं ते म्हणतात. तसं असेलही. पण पणदऱ्याहून निघालेलं बाळ या अटींत क्वचितच बसतं. म्हणून गार गादीसाठी उचल घ्या, असं मी आता कुणाला सांगत नाही. झटक्यांवर औषध, साखर, श्वास, रक्तदाब हे सांभाळणारा जवळातला जवळ नवजात कक्ष गाठा, एवढं सांगते. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि वाहतूक मोफत असते, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून. कित्येकांना अजून हे माहीत नसतं.

आता आजींचा प्रश्न. वाटेत बाळ गार पडू द्यायचं नाही, तसं तापवायचंही नाही. हे दुसरं लोकांना पटत नाही. प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूला ताप फार नडतो. शेगडी, गरम पाण्याची बाटली, उन्हात उभी असलेली बंद गाडी, हे सगळं वर्ज्य. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावं. अंग कोरडं, टोपडं, एखादं दुपटं, आणि बाळ नीट श्वास घेत असेल तर आईच्या किंवा आजीच्या छातीशी उघड्या अंगानं धरावं.

आणि खरी लढाई बाळ गाडीत घालायच्या आधीची आहे. जन्मल्यावर बाळ कोरडं करायचं, पाठ चोळायची, आणि पहिल्या मिनिटात श्वास आला नाही तर अंबू बॅगनं हवा द्यायची. साधी रबरी पिशवी आणि मुखवटा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ही पिशवी गावातल्या बायकांच्या हातात दिली, तीही घरच्या बाळंतपणात, आणि गुदमरून होणारे नवजात मृत्यू तिथं खूप घटले. कळा चालू असताना बाळाचे ठोके दर अर्ध्या तासानं ऐकायचे आणि लिहून ठेवायचे. कळा वाढवायचं इंजेक्शन तर, शस्त्रक्रियेची सोय हाताशी नसेल तिथं, देऊच नये. बायकांनो, असं इंजेक्शन कुणी द्यायला लागलं तर विचारा, कशासाठी देताय आणि ठोके कोण ऐकणार?

त्या आजींचं नातवंड बारामतीतच राहिलं. अकराव्या दिवशी अंगावर प्यायला लागलं. अजून मान धरायला उशीर होतोय, दर महिन्याला दाखवायला आणतात. आमच्याकडच्या एक सिस्टर गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी, कोप्या पडायला लागल्या की, अंबू बॅग बाहेर काढतात, मुखवटा तळहातावर दाबतात आणि पिशवीतून हवा गळत नाही ना, ते बघून ठेवतात. गेल्या वर्षी एक फाटकी निघाली. त्यांनी दोन नव्या मागवल्या.